यंत्रपरिचय : पिळाचें मोजमाप

गेल्या अंकीं ह्या सदरांत आम्हीं दाबमापक यंत्रांची ओळख करून दिली होती. ती वाचून एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस लिहिलें आहे: “आमचा नातू मोटारींच्या कारखान्यांत इंजिनियर आहे. सुटींत घरीं आला म्हणजे ‘ह्या बोल्टला इतका टॉर्क द्यावा लागतो’, ‘त्या यंत्राचा टॉर्क सेन्सर बिघडला’, अशी भाषा त्याच्या तोंडीं असते. बोल्ट आवळतांना आम्हीं जन्मभर पाहिले. त्यांत मोजण्यासारखें काय आहे? आणि मुरलेल्या मिस्त्रीचा हात असतांना हें यंत्र हवेंच कशाला?” ह्यांतील पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे, दुसरा माणसांचा आहे. पहिल्याचें उत्तर नीट कळल्यावांचून दुसऱ्याचें देतां येत नाहीं. म्हणून आज दोहोंचाही विचार करूं.

टॉर्क म्हणजे फिरविणारा जोर, अथवा आपल्या साध्या भाषेंत पीळ. तो दोन गोष्टींवर अवलंबून असतो: जोर किती लावला, व मध्यापासून किती अंतरावर लावला. जात्याचा खुंटा वरच्या दगडाच्या अगदीं कडेस बसवितात तो ह्याचसाठीं. तोच खुंटा मध्याजवळ बसविला असता, तर दळणारीचे खांदे पायलीभर दाण्यांतच भरून आले असते. घरांतील मुलांस हें पटवावयाचें असेल, तर त्यांस दार एकदां कडीजवळ व एकदां बिजागरीजवळ ढकलावयास सांगावें. अधिक सांगण्याची गरज पडणार नाहीं. जोर व अंतर ह्यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क, आणि तो न्यूटन-मीटर ह्या मापानें सांगतात. एक मीटर लांबीचा दांडा आडवा धरून त्याच्या टोकास दहा किलो वजन टांगिलें, तर दांड्याच्या मुळाशीं सुमारें ९८ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. लहान मोटारीच्या चाकाचे नट आवळण्यास ह्याच्याच आसपासचा टॉर्क बहुधा सांगितलेला असतो.

हा जोर ओळखणारें पहिलें यंत्र म्हणजे माणसाचा हातच होय. ताक घुसळतांना लोणी येऊं लागलें, हें डेऱ्यांत न डोकावतां रवीच्या दोरीवरून हातास कळतें. कणीक कानाच्या पाळीसारखी मऊ झाली कीं नाहीं, हें समजण्यास सुगरणीला घड्याळ लागत नाहीं. परंतु हाताच्या ह्या ज्ञानांत एक मोठी उणीव आहे. एका हातास कळलेलें दुसऱ्या हातास सांगतां येत नाहीं. सासूबाईंची ‘बेताची’ कणीक सुनेच्या हातांत उतरण्यास वर्षें जातात, आणि तीं घरांत असतातही. कारखान्यांत मात्र एकच काम शंभर हात करतात. शिवाय सकाळचा ताजा हात आणि रात्रपाळीच्या शेवटच्या तासाचा थकलेला हात हे एकाच माणसाचे असले तरी सारखे नसतात. हाताला जें जाणवतें तें आंकड्यांत उतरवावें, म्हणजे तें कोणासही व केव्हांही पुन्हां तंतोतंत साधतां येईल, ही निकड ह्यांतून निर्माण झाली.

आतां पीळ डोळ्यांस दिसत नाहीं. मग तो मोजावा कसा? येथें पदार्थांचा एक स्वभाव मदतीस येतो. यंत्रांतील फिरत्या दांड्यास कारखान्यांत शाफ्ट म्हणतात. पोलादी शाफ्ट नजरेस कितीही ताठ दिसला, तरी त्यांतून जोर जाऊं लागतांच तो यत्किंचित् पिळला जातो व जोर निघून जातांच पूर्ववत् होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोम ह्यानें १७८४ सालीं तारेच्या पिळाचे नियम मांडले. टॉर्क दुप्पट केला तर पिळाचा कोन दुप्पट होतो. तार दुप्पट लांब घेतली तरीही तो दुप्पट होतो. परंतु जाडी दुप्पट केली, तर कोन एकदम सोळाव्या हिश्श्यावर येतो. ५० मिलिमीटर जाडीचा व एक मीटर लांबीचा पोलादी शाफ्ट घेऊन त्यावर १००० न्यूटन-मीटर टॉर्क आणिला, तर त्याचें एक टोक दुसऱ्याच्या मानानें एका अंशाहून किंचित् अधिक फिरतें. हा सूक्ष्म कोन मोजतां आला कीं टॉर्क हातीं आला. आजच्या बहुतेक टॉर्क सेन्सरांचें मर्म एवढेंच आहे.

ह्या युक्तीस खरें महत्त्व आलें तें जहाजांमुळें. जुन्या वाफेच्या एंजिनांत दट्ट्या पुढें-मागें सरके, आणि नळकांड्यांतील वाफेच्या दाबाचा आलेख काढून एंजिनाची शक्ति ठरवीत. पुढें पार्सन्स ह्यानें वाफेचें टर्बाइन जहाजास जोडिलें. २६ जून १८९७ रोजीं स्पिटहेड येथें इंग्लंडच्या आरमाराची पाहणी चालू असतां त्याची ‘टर्बिनिया’ ही चिमुकली नौका मोठमोठ्या युद्धनौकांच्या रांगांमधून भरधाव निघून गेली, आणि सर्वांचे डोळे उघडले. १९०६ सालीं ‘ड्रेडनॉट’ ही टर्बाइनवर चालणारी बलाढ्य युद्धनौका तयार झाली. परंतु टर्बाइनमध्यें दट्ट्याही नाहीं व नळकांडेंही नाहीं. मग त्याची शक्ति मोजावी कशी? उरला तो पंखा फिरविणारा लांब शाफ्ट. त्याचा पीळ व दर मिनिटाचे फेरे कळले, तर त्यांच्या गुणाकारावरून शक्ति काढतां येते. १०० न्यूटन-मीटर टॉर्क देणारा शाफ्ट मिनिटास ३००० फेरे करीत असेल, तर तो सुमारें ३१ किलोवॅट शक्ति वाहून नेतो; फेरे निम्मे झाले तर शक्तिही निम्मी होते. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं स्कॉटलंडांत डंबर्टन येथील डेनी ह्यांच्या गोदींत, जर्मनींत फॉटिंगर ह्यांनीं, व इंग्लंडांत हॉपकिन्सन आणि थ्रिंग ह्यांनीं शाफ्टचा पीळ मोजणारीं यंत्रें सिद्ध केलीं. हॉपकिन्सन-थ्रिंग यंत्रांत शाफ्टवर लहानसे आरसे बसविलेले असत. शाफ्ट पिळला कीं आरशावरून परतलेला प्रकाशाचा कवडसा मोजपट्टीवर सरके. प्रचंड आगबोटीचें बळ एका कवडशाच्या सरकण्यावरून वाचीत, ही कल्पनाच मोठी रम्य आहे!

कवडसा वाचण्यास मनुष्य जवळ उभा पाहिजे. हीच जाणीव विजेच्या तारेंतून दूर नेण्याची युक्ति पुढें निघाली. आज सर्वाधिक प्रचारांत असलेली पद्धत तीच. ती समजण्यासाठीं चौकड्यांचा पंचा घ्यावा, दोन्ही हातांनीं ताणून धरावा व हलकेंच पिळावा. पिळतांच प्रत्येक चौकडी तिरपी होते. तिचा एक कर्ण लांबतो व दुसरा आखूड होतो. शाफ्टच्या पृष्ठभागाचेंही नेमकें असेंच होतें. म्हणून शाफ्टच्या लांबीशीं ४५ अंशांचा कोन करून, म्हणजे ह्या कर्णांच्या दिशेनें, धातूच्या अत्यंत पातळ पट्ट्या त्यावर चिकटवितात. तार ताणली कीं तिचा विद्युत्‌रोध बदलतो, हें केल्व्हिन ह्यांनीं १८५६ सालींच दाखविलें होतें. पण पदार्थावर चिकटवून त्याचा ताण मोजणारी पट्टी १९३८ सालीं अमेरिकेंत दोघांनीं स्वतंत्रपणें शोधली: कॅलिफोर्नियांत सिमन्स ह्यांनीं व मॅसॅच्युसेट्समध्यें रूज ह्यांनीं. रूज हे भूकंपाचा पाण्याच्या टाक्यांवर काय परिणाम होतो, ह्याचा लहान नमुन्यांवर अभ्यास करीत होते. त्यांच्या संस्थेस ह्या शोधांत व्यापारी दृष्ट्या विशेष कांहीं दिसलें नाहीं, म्हणून तिनें त्याचे हक्क त्यांनाच देऊन टाकले. आज वाण्याच्या दुकानांतील विजेच्या तराजूंतही बहुधा अशीच पट्टी असते.

हा बदल किती सूक्ष्म असतो, तें पाहा. वर सांगितलेल्या शाफ्टवर १००० न्यूटन-मीटर टॉर्क असतां कर्णाच्या दिशेनें पृष्ठभाग लांबतो तो मीटरमागें जेमतेम पाव मिलिमीटर. ३५० ओहम रोधाच्या पट्टीचा रोध त्यामुळें सुमारें ०.१८ ओहमनें बदलतो. उन्हानें शाफ्ट तापला तरी रोध बदलतोच. मग पिळाचा बदल कोणता व उन्हाचा कोणता, हें ओळखावें कसें? ह्यावर उपाय म्हणून चार पट्ट्या लावितात: दोन लांबणाऱ्या कर्णांवर व दोन आखडणाऱ्या कर्णांवर. ह्या चारींची जोडणी क्रिस्टी ह्यानें १८३३ सालीं सुचविलेल्या व व्हीट्स्टन ह्यानें १८४३ सालीं प्रसिद्धीस आणलेल्या मंडलांत करितात. हें मंडल म्हणजे विजेचा तराजूच होय. उष्णतेनें चारही पट्ट्या सारख्याच बदलतात, म्हणून तराजू हलत नाहीं. पिळानें दोन एकीकडे व दोन दुसरीकडे जातात, म्हणून तो कलतो. शाफ्ट नुसता वाकला, तरी ही मांडणी तो दोष बव्हंशीं आपोआप वजा करिते.

राहतां राहिली फिरत्या शाफ्टवरील वीज बाहेर आणण्याची अडचण. तारा जोडाव्यात तर त्या गुंडाळल्या जाऊन तुटतील. पूर्वीं शाफ्टवर धातूचीं कडीं बसवून त्यांवर कार्बनचे ब्रश घासत ठेवीत. ते झिजत व मोजणींत खरखर येई. आतां हें काम बहुधा स्पर्शावांचून, फिरत्या ट्रान्सफॉर्मरनें अथवा बिनतारी संदेशानें होतें. कांहीं यंत्रांत पट्ट्याच नसतात. शाफ्टच्या दोन टोकांस दोन दांतेरी चाकें बसवितात. शाफ्ट पिळला कीं एका चाकाचे दांते दुसऱ्याच्या किंचित् मागें पडतात, व त्या विलंबावरून टॉर्क निघतो. लोहाचें चुंबकत्व ताणानें बदलतें, हा इटालियन शास्त्रज्ञ व्हिलारी ह्याचा १८६५ सालचा शोधही कांहीं सेन्सरांच्या मुळाशीं आहे. आणि शाफ्टला हातही न लावण्याची एक जुनी रीत आहे. मोटर शाफ्टला जितक्या जोरानें पुढें फिरविते, तितक्याच जोरानें तिचें स्वतःचें शरीर उलट फिरूं पाहतें; तें थोपविण्यास लागणारा जोर मोजला कीं काम झालें. फ्रान्समध्यें प्रोनी ह्यानें १८२१ सालीं केलेला ब्रेक ह्याच जातीचा. त्यांत शाफ्टवर लांकडी ठोकळे आवळीत, व त्यांस जोडलेला दांडा वजनें टांगून आडवा राखीत.

उपयोगांकडे वळतांना पत्रलेखकांच्या बोल्टापासूनच आरंभ करूं. बोल्ट ही खरें पाहतां एक ताठ स्प्रिंग आहे. नट आवळला कीं बोल्ट ताणला जातो, आणि त्या ताणामुळें दोन भाग एकमेकांस घट्ट धरून राहतात. आपणांस हवा असतो तो हा ताण. मोजतां येतो तो मात्र टॉर्क. आणि दोहोंच्या मध्यें घर्षण उभें असतें. आवळण्यासाठीं घातलेल्या जोराचे शंभर भाग केले, तर त्यांतले सुमारें पन्नास नटाच्या तळाशीं घासण्यांत व सुमारें चाळीस आट्यांत घासण्यांत जातात. खऱ्या ताणास उरतात ते फक्त दहा. आट्यांस कोणी हौसेनें तेल लाविलें व घर्षणाचे नव्वद भाग ऐंशींवर आले, तर दहाचे वीस होतात. टॉर्कचा आंकडा तोच, पण बोल्टवरील ताण दुप्पट! उलट आटे गंजलेले असले, तर आंकडा पुरा भरतो आणि पकड कच्चीच राहते. म्हणून चांगल्या कारखान्यांतील आवळणी-यंत्रें टॉर्काबरोबर नट किती अंश फिरला हेंही मोजतात. थोडक्या फेऱ्यांतच टॉर्क वाढला, तर आटे तिरपे बसले असावेत अथवा मध्यें कचरा अडकला असावा. फेरे वाढूनही टॉर्क वाढेना, तर आटे गेले अथवा बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला गेला. महत्त्वाच्या प्रत्येक बोल्टाची अशी नोंद राखण्याची पद्धत मोटारींच्या कारखान्यांत रूढ आहे. ढिल्या नटामुळें चाक निखळतें, अति आवळल्यानें बोल्ट पुढें केव्हां तरी तुटतो. आणि दोन्ही वेळीं संकट ओढवतें तें आवळणाऱ्यावर नव्हे, तर त्या गाडींत विश्वासानें बसलेल्या मुलांबाळांवर.

मोटारींत आणखी एका ठिकाणीं हा सेन्सर सतत जागा असतो. पूर्वींचें जड स्टिअरिंग आतां बोटानें वळतें, ह्याचें कारण त्याच्या दांड्यांत बसविलेली एक बारीक, पिळली जाणारी सळई होय. चालकानें चाक वळवितांच ती किंचित् पिळते, सेन्सर तो पीळ वाचतो, व विजेची मोटर त्या मानानें हातभार लाविते. जपानमध्यें १९८८ सालीं सुझुकीच्या सर्व्हो गाडींत अशी योजना प्रथम आली. येथें सेन्सर चुकला तर मोटर भलतीकडे ओढील. म्हणून एकाच पिळाचीं दोन स्वतंत्र मापनें घेऊन तीं ताडून पाहतात, व तीं जुळलीं नाहींत तर मोटरची मदत आवरती घेतात. विजेची जोड असलेल्या सायकलींतही हेंच तत्त्व आहे. यामाहानें १९९३ सालीं जपानांत आणलेली सायकल पायाचा जोर ओळखून तितकीच भर घालीत असे.

पुण्यांत वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था आहे. टेकडीवर फिरावयास जाणाऱ्या आमच्या कितीएक वाचकांस तिची इमारत परिचित असेल. एंजिन किती टॉर्क देतें व त्यापायीं किती इंधन खातें, ह्याची परीक्षा अशा संस्थांत होते. मुंबईच्या समुद्रांत १९७४ सालीं ‘सागर सम्राट’नें तेलाची विहीर खोदली, तशा विहिरींत छिन्नी जमिनीखालीं फार खोल असते व ती फिरविणाऱ्या नळांची माळ वरून चालविलेली असते. छिन्नी कोठें अडूं लागली, हें वर उभ्या असलेल्या माणसांस सांगणाऱ्या पहिल्या खुणांपैकीं एक म्हणजे वाढता टॉर्क.

औषधाच्या बाटलीचें झांकणही मोजून लाविलें जातें. तें सैल राहिलें तर औषध बिघडतें, व अति घट्ट बसलें तर संधिवातानें जखडलेल्या आजीबाईंस तें उघडत नाहीं. कणकेसाठींही असें यंत्र आहे. जर्मनींतील ब्राबेंडर ह्यांचें फॅरिनोग्राफ पीठ मळतांना पात्यांस होणारा अडथळा मोजून त्याचा आलेख काढतें. त्यावरून पिठास पाणी किती लागेल व तें किती वेळ मळावें, हें गिरणीवाले व पाव भाजणारे ठरवितात. आणि माणसाच्या शेजारीं उभे राहून काम करणारे नवे यांत्रिक हात तर सांध्यासांध्यांतील टॉर्क वाचीत असतात. मध्यें कोणाचा हात आला, तर सांध्यावरचा अनपेक्षित पीळ जाणून तें यंत्र तत्काळ थांबतें. यंत्रानें माणसाला इजा करूं नये, ह्याची जबाबदारी तेथें ह्या लहानशा पट्ट्यांवर असते.

आतां दुसरा प्रश्न. मग मुरलेल्या मिस्त्रीचा हात निरुपयोगी झाला काय? आमचें उत्तर नाहीं असें आहे. आणि तें केवळ जुन्याच्या प्रेमानें दिलेलें नाहीं. सेन्सर आंकडा देतो, पण आंकडा असा कां आला हें तो सांगत नाहीं. आट्यांस तेल लागलें आहे, वायसर बदलला आहे, बोल्ट दुसऱ्या मालाचा आहे, हें ओळखतो तो माणूस. सेन्सरही कालांतरानें खोटें बोलूं लागतो. त्याची मधूनमधून परीक्षा घ्यावीच लागते, आणि ती मोजलेल्या लांबीच्या दांड्यास मोजलेलें वजन टांगून घेतां येते. ज्या कारखान्यांत नवशिक्यांस आंकड्याखेरीज कांहींच शिकविलें जात नाहीं, तेथें हाताचें शहाणपण एका पिढींत नाहींसें होण्याचा धोका आहे, व ती हानि खरी आहे. मात्र हेंही तितकेंच खरें कीं, उत्तम मिस्त्रीचा हात त्याच्याबरोबर निवृत्त होतो. आंकडा मागें राहतो, आणि उद्यांच्या नव्या माणसास निदान एक भरंवशाचा आधार देतो. म्हणून आमच्या पत्रलेखकांस आमची विनंति आहे कीं, नातू पुढच्या सुटींत आला म्हणजे त्यास, ‘टॉर्क किती?’ एवढेंच विचारूं नये. ‘आटे कोरडे कीं तेलकट?’ हेंही विचारावें. त्यास उत्तर देतां आलें, तर तो आपल्या कामांत चांगला मुरला आहे असें खुशाल समजावें.

ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून हा लेख संपवितों. चाक बदलल्यावर दुकानदार हवेच्या बंदुकीनें नट बसवितात. शेवटची आवळणी गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या आंकड्याप्रमाणें टॉर्क-पान्यानें करून घ्यावी, व नट ओळीनें न आवळतां समोरासमोरचे आवळावेत. पान्यावर उभें राहून जोर देऊं नये. पुस्तकांत सांगितलें नसेल तर आट्यांस तेल लावूं नये. आणि थोडा प्रवास झाल्यावर नट एकदां पुन्हां तपासावेत. पुढील अंकीं यंत्रांची थरथर मोजून त्यांचें दुखणें आधींच ओळखणाऱ्या साधनांचा परिचय करून देण्याचा आमचा विचार आहे.